भेटवस्तूला कागद नको, रुमाल बांधूया : दिवाळी झाली, आता नाताळ आणि संक्रांत

शहापूरची_सून

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली तेव्हा आमच्या दारात दोन पिशव्या होत्या. एकीत झेंडूची फुलं, केळीची पानं, उरलंसुरलं खरकटं. दुसरीत नुसता चकचकीत कागद, रिबिनी आणि चिकटपट्टीचे गोळे. गाडीवरच्या ताई म्हणाल्या, "सुका म्हणून घेते, पण ह्याचं पुढं काय होत नाही बघा. रद्दीवाला पण उचलत नाही." ही पिशवी बेळगावच्या तुरमुरी कचरा डेपोत जाऊन पडणार हे मला आधीही ठाऊक होतं. तरी कुणी तोंडावर सांगितलं की जास्त लागतं.

रद्दीवाला का घेत नाही, तर त्या कागदावर प्लास्टिकचा किंवा धातूचा पातळ थर असतो, आणि तो कागदाच्या लगद्यात वेगळा निघत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. कागद मुठीत चुरगळायचा आणि सोडायचा. गोळा तसाच राहिला तर साधा कागद. आपोआप उलगडायला लागला तर त्यात प्लास्टिक आहे. मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायच्या प्लास्टिकच्या पापुद्र्यावर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरी यंदा आमच्याकडे आलेल्या खोक्यांपैकी चारांवर तो होताच.

दोन वर्षांपासून मी जमेल तेवढ्या भेटी कापडात बांधून देते. हे कुठून सुचलं ते सांगते. आमच्या सासूबाईंची ज्ञानेश्वरी लाल बासनात असते. चौकोनी कापड, एका कोपऱ्याला हातभर नाडी. पोथी मधोमध ठेवायची, तीन कोपरे आत घ्यायचे, नाडीचा कोपरा सगळ्यात वर आणायचा, नाडी दोनदा गुंडाळून टोक खोचायचं. गाठ नाहीच. बासनात गुंडाळलं म्हणजे काम कायमचं बाजूला पडलं असं आपण म्हणतो, पण त्यांचं बासन रोज पहाटे उघडतं आणि रोज बांधलं जातं. कापड इतकं मऊ झालंय की पोथीच्या कडा त्यावर उमटल्यात. एका दिवाळीत भाचीसाठी पुस्तक आणलं होतं आणि घरात कागद संपला होता. त्यांनीच कपाटातून एक ब्लाऊज पीस काढून दिला आणि म्हणाल्या, "ह्यात बांध की."

तिथं माझे डोळे उघडले. ब्लाऊज पीस प्रत्येकीच्या घरात आहेत! हळदीकुंकू, डोहाळजेवण, वास्तुशांत, बारसं, सगळीकडे ओटीत मिळतात. शिवून घ्यावेत असे त्यातले दहातले दोन. बाकीचे कपाटात राहतात आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसऱ्याच्या ओटीत जातात. कुणी कधी मोजलंय का माहीत नाही. ब्लाऊज पीस साधारण ८० सेंटीमीटर लांब आणि ३६ ते ३९ इंच रुंद असतो, म्हणजे जवळजवळ चौकोनच. कुंद्याचा अर्धा किलोचा डबा, पुस्तक, चहाच्या कपांचं खोकं, सगळं त्यात आरामात बसतं.

माझी अडचण बांधण्याची नाही. रुमाल परत येत नाहीत. गेल्या वर्षी अकरा बांधून दिले, परत आले तीन. एक तर मला नात्यातल्याच एका घरी उंबऱ्याजवळ पाय पुसायला टाकलेला दिसला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण चूक माझीच. मी सांगितलंच नव्हतं. तुमच्याकडे कुणी करतं का असं? परत कसे मागता? नाताळच्या आत मला काहीतरी रीत बसवायची आहे.


टिळकवाडीकर

+१. चुरगळायची खूण आजच मुलीला करून दाखवली, तिनं घरातले सगळे जुने कागद चुरगळून पाहिले.

एक काळजीनं सांगावंसं वाटतं. हे नवीन विकत आणून करू नका. आता ऑनलाइन 'भेटीसाठी पर्यावरणपूरक कापड' म्हणून संच मिळतात. मी एक मागवला होता. कापड निघालं गुळगुळीत पॉलिएस्टर सॅटिन, प्रत्येक तुकडा वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्यात गाठही टिकत नाही, घसरते. आणि सुती जरी आणलं तरी एक किलो सुती कापडामागे जगाच्या सरासरीनं सुमारे १०,००० लिटर पाणी लागतं. एकदा बांधून टाकून द्यायला इतकं पाणी खर्च करायचं असेल तर साधा कागदच बरा. घरात आहे ते कापड, आणि पुन्हा पुन्हा फिरणारं, तरच ह्यात अर्थ आहे. म्हणून धाग्यातला ब्लाऊज पीसचा मुद्दा मला फार पटला. ते कापड आधीच विणून झालेलं आहे, कपाटात पडून आहे.


निपाणीकर_सध्या_पुण्यात

कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं जपानला होतो, म्हणून थोडं लिहितो.

तिकडे ह्याला फुरोशिकी म्हणतात. फुरो म्हणजे न्हाणं, शिकी म्हणजे अंथरणं. एदो काळात लोक सार्वजनिक न्हाणीघरात जाताना कपडे चौकोनी कापडात बांधून न्यायचे आणि तेच कापड खाली अंथरून त्यावर उभं राहून कपडे बदलायचे. पुढं व्यापारी माल बांधायला लागले. प्लास्टिकच्या पिशव्या आल्यावर ते मागं पडलं. २००६ साली तिथल्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी प्लास्टिकच्या (पेट) बाटल्यांच्या धाग्यापासून एक फुरोशिकी करवून घेतली आणि तिला 'मोत्ताइनाइ फुरोशिकी' असं नाव दिलं. मोत्ताइनाइ म्हणजे वाया चाललं, जीव हळहळतो, असा काहीसा शब्द. आपल्या आज्या ताटात भात टाकला की ज्या सुरात बोलायच्या, तो सूर.

तिथं शिकलेला एक हिशेब सांगतो. कापडाचा कर्ण हा वस्तूच्या सगळ्यात लांब बाजूच्या तिप्पट असावा. म्हणजे ५० सेंटीमीटरच्या चौकोनाला कर्ण ७० येतो, त्यात २३ सेंटीमीटरपर्यंतची वस्तू बांधता येते. ७० च्या चौकोनात ३३ पर्यंत. ९० चा असेल तर ४२, म्हणजे साडीचं खोकंसुद्धा.

खोकं बांधताना कापड शंकरपाळ्यासारखं तिरकं अंथरा. खोकं मधोमध. जवळचा कोपरा वरून घालून पलीकडे खाली खोचा, समोरचा कोपरा वरून अलीकडे आणा. मग उरलेली दोन टोकं वर घेऊन गाठ. दोन मिनिटांचं काम.

बाटल्या बांधायची पद्धत मला सगळ्यात आवडते. आमच्याकडे गुऱ्हाळ सुरू झालं की मी दरवर्षी काकवीच्या दोन-दोन बाटल्या मित्रांना देतो. दोन्ही बाटल्या आडव्या ठेवायच्या, बूड बुडाकडे, मध्ये चार बोटं जागा. कापडाच्या एका कोपऱ्यापासून गुंडाळत जायचं, लांब वळकटी होते. मग दोन्ही बाटल्या उभ्या करायच्या, आपोआप शेजारी उभ्या राहतात, मधल्या कापडामुळे एकमेकींवर आपटत नाहीत. वरची दोन टोकं बांधली की तीच मूठ. निपाणी ते पुणे एसटीत नेल्यात, एकही फुटलेली नाही.

हे सगळं लिहिल्यावर वाटतं, आपल्याकडे ह्याला गाठोडं म्हणायचे आणि त्यात कुणाला काही शिकवायला लागत नव्हतं. आजोबा शेतावर जाताना बुट्टीत भाकरी जायची ती फडक्यातच की.


वडगावचा_माग

आमच्या घरात तिसऱ्या पिढीपर्यंत माग होते. शहापूर, वडगाव, खासबाग ह्या भागात गल्लीत शिरलं की धोट्याचा आवाज यायचा. आता फार घरं राहिली नाहीत. बाकी राहिलेत त्यातले बहुतेक पॉवरलूम.

कापडाबद्दल सांगतो. बांधायला सगळ्यात चांगलं म्हणजे वापरून मऊ झालेलं सुती. नवीन कापडाला खळ असते, ते कडक असतं, गाठ उघडी पडते. दोन-तीनदा धुवा मग वापरा.

घरात जुनी इरकल असेल तर टाकू नका. इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी असतो, आणि पदर अंगाला जोडतानाच धाग्यांचे फास घालून जोडतात. तो जोड तुमच्या रुमालात घेऊ नका, गाठीला आडवा येतो. जोडाच्या अलीकडनं फाडा. कात्री लावू नका, कडेला छोटी चीर द्या आणि हातानं फाडा. धाग्याला धागा सरळ जातो, रुमाल वाकडा होत नाही. सहावारीची रुंदी मधनं उभी फाडली की दोन पट्टे होतात, एकेकातनं सात-आठ चौकोन. विरलेला भाग सोडला तरी बारा रुमाल मिळतात. मागच्या महिन्यात आईच्या दोन इरकलींचे मी स्वतः केलो.

गुळेदगुड्डचा खण असेल तर त्याचा रुमाल करू नये असं मला वाटतं. तो चोळीचा आहे, त्याचे काठ दोन बाजूंना येतात ते दंडावर दिसायला. त्याची चोळीच शिवा. शिवून उरलेल्या तुकड्यांची पुरचुंडी करा, आत अंगठी, कानातलं, पैसे काही घाला. आमची आजी असल्या खणाच्या पुरचुंडीतनंच आम्हाला पाडव्याला पैसे द्यायची.


खानापूरचे_गुरुजी

निपाणीकरांनी गाठ म्हटली, पण ती कुठली हे महत्त्वाचं आहे. बहुतेकांना जी गाठ हाताला येते ती पक्की आवळते आणि मग दातानं सोडायला लागते. तीच निरगाठ. भेट उघडताना कापड ओढून फाटतं ते तिच्यामुळं.

आमच्या शाळेत स्काउटमध्ये रीफ नॉट शिकवतो. डावं टोक उजव्यावर घालून एकदा आवळा. आता जे टोक उजवीकडे आलं आहे, तेच पुन्हा डाव्यावर घालून आवळा. बरोबर बसली की दोन्ही टोकं कापडाच्या रेषेत आडवी पडतात. टोकं एक वर, एक खाली अशी उभी राहिली तर चुकली, परत सोडा.

ही ओझ्यानं सुटत नाही, पण सोडायला सोपी. एक टोक धरून त्याच बाजूच्या कापडापासून उलट दिशेला जोरात ओढा. ते टोक सरळ होतं आणि दुसरं त्याच्याभोवती नुसतं वेटोळं राहतं. वेटोळं मुठीत धरून सरकवलं की निघालं. पाचवीतली पोरं दोन तासिकांत शिकली. यंदा बालदिनाला आम्ही मुलांना बक्षिसाच्या वह्या कागदात न बांधता त्यांनीच घरून आणलेल्या फडक्यांत बांधून दिल्या. एकानं आईच्या जुन्या परकराचं फडकं आणलं होतं, त्याला नाडीची भोकं होती. त्यानं त्या भोकांतूनच दोरी ओवून पिशवी केली. मी त्याला शिकवलं नव्हतं.


अनगोळ_गल्ली_नंबर_दोन

थोडा वेगळा सूर लावते, राग मानू नये.

ओटीत आलेला खण म्हणजे नुसतं कापड नव्हे. सवाशीण म्हणून आपल्या ओटीत कुणीतरी मान घातलेला असतो. त्यात बाटल्या आणि चहाचे कप बांधून कुणालाही द्यायचे, हे माझ्या मनाला रुचत नाही. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावरून आलेला खण तर आम्ही देव्हाऱ्यातच ठेवतो. घरात माझी सासू असती तर हे तिनं चालवून घेतलं नसतं.


शहापूरची_सून

ताई, राग कशाला, तुम्ही बोललात हे बरंच झालं. मीही सगळे काढत नाही. देवीचा प्रसाद म्हणून आलेला, आईनं दिलेला, कुणाच्या शेवटच्या भेटीतला, हे वेगळे बांधून ठेवलेत. त्यांना हात लावत नाही. पण जे ब्लाऊज पीस दुकानातून डझनानं आणून हळदीकुंकवाला वाटले जातात आणि ज्यांच्यावर अजून किमतीची चिठ्ठी असते, ते एका कपाटातून दुसऱ्या कपाटात वर्षानुवर्षं फिरतात. मी फक्त त्यांचं फिरणं कामाचं करते. आणि माझं ऐकाल तर, कुणाच्या ओटीत खण घालतानाही हाच विचार करा: तिला शिवता येईल असा एकच घाला, चांगला घाला.

गुरुजी, ती गाठ जमली. तिसऱ्या वेळेला.


शिंपीकाम_खासबाग

काठाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. हातानं फाडलेल्या कापडाचे धागे सुटत राहतात, दोन धुण्यांत दशा निघतात. बायका पिको करून आणतात, ते बारीक साड्यांना ठीक. रुमालाला पाव इंचाची दुहेरी दुमड घालून सरळ टीप मारा. जाड दुमड घालू नका, कोपऱ्यात गोळा होतो आणि गाठ फुगून बसते. कोपरा दुमडण्याआधी तिरका कापा. मशीन नसेल तर हातशिलाई चालते, सुती दोराच घ्या.

आमच्याकडे दिवसाला पिशवीभर चिंध्या निघतात. अस्तराचे तुकडे, शर्टाच्या कापडाच्या पट्ट्या. पट्ट्या कुणाला रिबिनीसाठी हव्या असतील तर जवळच्या शिंप्याकडे मागा, कुणी नाही म्हणणार नाही. चार तुकडे जोडून चौकोन केला तरी वाकळीसारखा सुंदर दिसतो. आमच्या शेजारच्या अक्का कन्नडमध्ये वाकळीला कौदी म्हणतात, त्यांनी चिंध्यांची एक 'कौदीची चौकट' करून नातवाला लुडो बांधून दिला. कोरियातही असे तुकडे जोडून केलेले बांधायचे रुमाल असतात म्हणे, टीव्हीवर पाहिले. बघितल्यावर अक्कांची आठवण झाली.


गोकाकचा_जावई

माझ्याकडून झालेली एक चूक, दुसऱ्या कुणाकडून होऊ नये म्हणून.

सासरहून करदंटाचा (डिंक-सुक्यामेव्याच्या मिठाईचा) डबा आणि मेहुण्यासाठी पांढरा शर्ट असं एकत्र बांधायचं होतं. बाजारातल्या एका दुकानातून लाल सुती कापड घेतलं, रंग पक्का म्हणून सांगितलं होतं. पावसाळा होता, बसमध्ये खिडकीतून पाणी आलं. घरी पोचल्यावर शर्टाच्या कॉलरपासून खिशापर्यंत गुलाबी पट्टा. करदंट वाचला, तो डब्यात होता. मेहुणा काही बोलला नाही, पण तो शर्ट त्यानं कधी घातला नाही.

तेव्हापासून मी लाल, गडद निळं, काळं कुठलंही कापड आधी वेगळं भिजवतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतो. मग पांढऱ्या ओल्या फडक्यानं घासून बघतो. फडक्याला रंग लागला तर ते कापड फक्त डबे आणि पुस्तकांना, कपड्यांना नाही. खाण्याच्या वस्तूला तर कापड थेट लावूच नका. लाडू, चिवडा आधी स्टीलच्या डब्यात. डबाही परत येतो म्हणून तो भेटीचाच भाग धरा.


कॅम्पातली_मावशी

शहापूरच्या सूनबाई, तुमचा प्रश्न रुमाल परत कसा येणार हा होता. त्याचं उत्तर आमच्या नाताळात आहे असं मला वाटतं.

आमचं घर मूळ गोव्याकडचं. घरात कोंकणी, शेजारी मराठी, बाजारात कन्नड. नाताळला आम्ही कोंसुआद पाठवतो. नेवऱ्या, कुलकुलं, दोदोल, बिबिंका जमली तर, हे सगळं एका ताटात लावून शेजाऱ्यांकडे जातं. ताटावर क्रोशाचा नाहीतर भरतकाम केलेला रुमाल घालायचा. तो रुमाल घरातला सगळ्यात चांगला असतो. माझ्या आईनं लग्नाआधी विणलेला रुमाल अजून माझ्याकडे आहे, मधोमध द्राक्षाचा घड, कडेला शंख. बासष्ट वर्षांचा आहे तो. बासष्ट नाताळ तो ताटावर बसून गल्लीत फिरला आणि प्रत्येक वेळी घरी आला. का आला? कारण ताट न्यायला मूल जायचं, आणि समोरची काकू ताट लगेच आत नेऊन रिकामं करायची, धुवायची, आणि त्यात काहीतरी घालून तेच मूल परत पाठवायची. निदान चिमूटभर साखर. रिकामं ताट कुणी परत देत नसे. दिवाळीला तुमच्याकडून आमच्याकडे फराळाचं ताट यायचं, त्यावरही रुमाल असायचा, आणि आम्हीही तसंच करायचो. ईदेला शीरखुर्म्याच्या ताटावर सरपोश असतो, तोही परत जातो.

आता भेट दारात ठेवून लोक जातात, किंवा ऑनलाइन पाठवतात. उघडायला समोर कुणी नसतं. मग कापड राहणारच. म्हणून माझं सांगणं एवढंच की भेट हातानं द्या, थोडा वेळ बसा, चहा होईपर्यंत त्यांना ती उघडू द्या. रुमाल तिथंच घडी घालून परत येईल.


टिळकवाडीकर

मावशी, दोनदा वाचला तुमचा प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

पण माझ्या भावाला बंगळूरला कुरिअर करायचं असेल तर?


कॅम्पातली_मावशी

मग रुमाल त्यांचाच झाला असं समजून द्या. त्यांच्या कामाचा निवडा. मोठा पंचा द्या, टर्किश टॉवेल द्या, स्वयंपाकघरात पुसायचा नॅपकिन द्या. बांधणं हाच भेटीचा भाग. आतला कप फुटला तरी बाहेरचा टॉवेल उरतो.


अनगोळ_गल्ली_नंबर_दोन

साखर घालून परत द्यायची रीत आमच्याकडेही होती. आई म्हणायची, रिकामा डबा कुणाच्या घरातून निघू नये. हे मी विसरले होते. आता माझ्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांचे सहा डबे पडून आहेत हे लिहिताना आठवलं. उद्याच पोचवते.

आणि खणाबद्दल: तुमचं वेगळं बांधून ठेवण्याचं म्हणणं पटलं. चिठ्ठीवाले माझ्याकडे चौदा निघाले.


हिंडलग्याची_सुप्रभात

मी रुमालाच्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह भरते, आमच्या दारातल्या पारिजातकाचं फूल. पाच पांढऱ्या पाकळ्या, मधे केशरी टाका. ज्याला मिळतो त्याला कळतं की हा कुणाचा तरी आहे, टाकायचा नाही. नाव घालू नका, नाव घातलं की मागितल्यासारखं वाटतं. गेल्या भाऊबीजेला नऊ दिले, सात परत आले. आठवा भावाच्या मुलीनं ठेवून घेतला, बाहुलीला साडी म्हणून.


वडगावचा_माग

बाहुलीच्या साडीत गेला तर तो फुकट गेला नाही.


शहापूरची_सून

सगळ्यांना, उशिरा लिहितेय. नाताळ होऊन आठवडा झाला.

मावशींनी सांगितलं तसं केलं. कॅम्पात माझी एक जुनी मैत्रीण आहे, फातिमा कॅथेड्रलच्या बाजूला. तिच्यासाठी मातीच्या दोन पणत्या आणि तिच्या मुलासाठी रंगपेटी घेतली होती. आईच्या जुन्या निळ्या सुती साडीतून शिंपीदादांनी सांगितल्यासारखा पाव इंच दुमडीचा रुमाल केला, गुरुजींची गाठ मारली, कोपऱ्यात जाईचं फूल भरलं. स्वतः घेऊन गेले. मुलानं एक टोक ओढलं, गाठ सरळ झाली, आणि त्याला इतकी गंमत वाटली की त्यानं ती चार वेळा परत बांधायला लावली. रंगपेटी बाजूलाच राहिली.

मी चहा पीत होते तेवढ्यात मैत्रीण रुमाल घेऊन आत गेली. बराच वेळ आली नाही. मला वाटलं कुलकुलं बांधत असेल. ती तर होतीच, पण उशीर वेगळ्याच कारणानं झाला होता. रुमालाच्या एका कोपऱ्यात, साडीत होती तेव्हापासूनची एक चीर होती, मला दिसलीच नव्हती. तिनं ती बसून रफू केली होती. निळा दोरा नव्हता म्हणून हिरव्यानं. म्हणाली, "संक्रांतीला परत पाठवशील ना, तोवर फाटायला नको."

चीर साधारण दोन बोटं लांब. टाके बारीक, एकमेकांना चिकटून, उलटीकडून पाहिलं तर जवळजवळ कळत नाही. मी ते उसवून निळ्यानं शिवणार नाही. यंदा संक्रांतीच्या वाणासाठी बारा रुमाल तयार आहेत, त्यातला हा पहिला, तिळगुळाच्या डब्यावर बांधून कॅम्पात जाईल.

शिंपीदादा, खासबागेत तुमचं दुकान कुठल्या बाजूला? पट्ट्या न्यायला शनिवारी येते.


शिंपीकाम_खासबाग

संध्याकाळी चारनंतर या, तोवर वीज नसते. पिशवी घेऊन या.